पिवळं कुलूप

चारुदत्तकाकांना सिंगापुरात मोटरहोम घ्यायची बुद्धी कशी झाली, हे कोडं आमच्या घरात कुणालाच सुटलेलं नाही. बेट एवढंसं, की सकाळी एका टोकाला चहा घेऊन निघालं तर तोंडातली चव जायच्या आत दुसरं टोक येतं. त्यात गाडी लावून मुक्काम करायची सोय कुठेच नाही. पण काका एकदा ऑस्ट्रेलियाला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यात भुंगा शिरला. कार्यक्रम करणाऱ्या एका कंपनीने कलाकारांच्या मेकअपसाठी वापरून टाकून दिलेली जुनी मोटरहोम त्यांनी उचलली आणि सुंगेई कडूत भागातल्या, लाकडाच्या वखारींमागच्या एका यार्डात विटांवर उभी केली. दर रविवारी सुनेत्राकाकूंना घेऊन ते तिथे डबा खायला जायचे. गाडीचा प्रवास तेवढाच.

काका म्हणजे रुचिरचे, माझ्या नवऱ्याचे चुलते. शिपयार्डातून निवृत्त झाले, तरी हात शिवशिवत असतात, आणि त्या बाबतीत माझं त्यांच्याशी रुचिरपेक्षा जास्त जमतं. रुचिर आयटीतला. त्याला पाना दिला तर तो आधी कुठल्या बाजूने धरायचा ते विचारतो.

या मोटरहोमला एक खण होता. स्लाइड-आउट म्हणतात त्याला. बटण दाबलं की गाडीच्या एका बाजूची भिंत सोफ्यासकट, खिडकीसकट बाहेर सरकते आणि आत छोटीशी खोली तयार होते. निघताना बटण दाबून ती परत आत घ्यायची. टेबलाच्या खणासारखी, म्हणून काका तिला खणच म्हणायचे. तर हा खण बाहेर आला आणि अडकला, तोही तिरका. एक कोपरा पुढे, एक मागे. इकडे यार्ड रिकामं करायचं होतं आणि जोहोरच्या एका रिसॉर्टवाल्याने गाडी घ्यायचं कबूल केलं होतं. पण खण बाहेर असताना एवढी रुंद गाडी ट्रेलरवर चढवता येत नव्हती. हाताने फिरवायचा दांडा असतो, त्याचं टोक झिजून गुळगुळीत झालं होतं. दोन मेकॅनिक आले, मान हलवून गेले.

"स्वानंदी, तू जुरोंग आयलंडवर एवढाले पंप उघडतेस," काका फोनवर म्हणाले. "माझी एक खोली आत ढकलून दे."

मी लगेच हो म्हटलं. खरं तर वेळ अजिबात नव्हता. महिनाभरात आम्ही सिंगापूर सोडून पुण्याला चाललो होतो. रुचिरची नोकरी तिकडे हलली होती, मी माझा राजीनामा दिला होता, पुंगोलच्या फ्लॅटमध्ये खोक्यांतून वाट काढत चालावं लागत होतं. पण त्या दिवसांत मला एका जागी बसवतच नव्हतं. रडू यायला लागलं की मी काहीतरी उघडून बसते, हा माझा स्वभाव आहे. आणि रडू येण्याचं कारण घरातच होतं. आमची जाई. वय सात, जन्म इथला, आणि पुण्याला यायला साफ नकार.

"आय स्टे हिअर लाह," ती म्हणायची. "यू ऑल गो."

मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चाललं होतं. फोनवर पुण्याहून आजी काकुळतीला यायच्या, तेव्हा ही "ओके आजी, बाय" म्हणून पळायची. पण मुलगी गोड. आमच्या खोलीचं दार उघडं असलं तरी ती ठोकून आत यायची. दोनदा टकटक, मग जरा थांबून एकदा. ही तिची स्वतःची पद्धत होती आणि बाथरूमच्या दारापासून शेजाऱ्यांच्या जाळीच्या दारापर्यंत सगळीकडे तीच चालायची.

शनिवारी रुचिरला खोक्यांपाशी सोडून मी जाईला घेऊन यार्डात गेले. ओल्या भुशाचा आणि वॉर्निशचा वास, ऊन डोक्यात जाणारं. गाडीचा पांढरा रंग पिवळट झाला होता आणि खण एका बाजूने पोट सुटल्यासारखा बाहेर आला होता.

कामाला हात लावण्याआधी मी बॅटरीच्या मुख्य स्विचवर हॅस्प चढवला. हॅस्प म्हणजे एक लोखंडी चिमटा, त्याला ओळीने भोकं असतात. यंत्रात जो जो हात घालणार, त्याने आपापलं कुलूप त्यात अडकवायचं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवायची. एक जरी कुलूप लटकत असलं तरी वीज चालू करता येत नाही. लटकणारं कुलूप म्हणजे एक माणूस आत आहे. ते ज्याचं त्यानेच काढायचं. साहेब येवो की मंत्री येवो, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. आमच्या प्लांटमध्ये लोक जेवायला विसरतील, पण हे विसरत नाहीत, आणि मला तर ती सवय घरचा मिक्सर उघडतानाही आवरत नाही.

माझं कुलूप लाल, काकांना दिलं निळं.

"आय ऑल्सो वॉन्ट," जाई म्हणाली.

पेटीत एक पिवळं होतं. ते तिने स्वतः लावलं, दोनदा ओढून पाहिलं, आणि किल्ली हिरव्या दोरीत ओवून गळ्यात घातली.

आत गेल्यावर सोफ्यावर टिश्यूचं एक पाकीट दिसलं. जुनं, प्लास्टिक पिवळं पडलेलं. मी बसायला गेले तर जाईने माझा हात धरला.

"कॅनॉट, आई. समबडी चोप ऑलरेडी."

इथे हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, रिकाम्या खुर्चीवर टिश्यूचं पाकीट ठेवलं की जागा धरली गेली. त्यालाच चोप म्हणतात. मालक कितीही वेळ आला नाही तरी ते पाकीट कुणी हलवत नाही. काका हसले. "अगं, कोण येणार इथे? मेकअपवाल्यांचं राहिलं असेल." मी ते पाकीट उचलून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. जाई माझ्याकडे बघत राहिली.

"मी नाही बाई तिथे बसत," सुनेत्राकाकू दारातूनच म्हणाल्या. त्या डबा घेऊन आल्या होत्या आणि चहाचा डाग पुसावा इतक्या सहज आवाजात बोलत होत्या. "तिथे बसलं ना, की पाठीमागे भिंत असूनसुद्धा अजून जागा आहे असं वाटतं."

"काकू, उकाड्याने होतं तसं," मी म्हटलं.

दोष तासाभरात सापडला. खणाच्या खाली दोन्ही बाजूंना दात्यांच्या पट्ट्या होत्या, त्यांवर फिरणारी दोन चाकं, मधे एक मोटर. एका चाकाची पिन तुटली होती. त्यामुळे मोटर एकच बाजू ओढायची आणि दुसरी तिथेच रुसून बसायची. पिन नवी करायची, दोन्ही बाजू एका रेषेत आणायच्या, कडेचं कुजलेलं रबर बदलायचं, झालं. मला बरं वाटलं. कारण कळलं की अर्धं काम झालं असं मी मानते.

मग मी माप घेतलं. खण गाडीच्या बाहेर किती आलाय ते बाहेरून मोजलं, आणि आतून तेच अंतर मोजलं. भिंतीच्या जाडीएवढं आतलं माप कमी यायला हवं. ते वीतभर जास्त आलं.

मी परत मोजलं. काकांची टेप घेऊन मोजलं. काकांना मोजायला लावलं.

"वाकलं असेल गं कुठेतरी," काका म्हणाले. "आणि हो, हे सांगायचं राहिलं. मागे एकदा मी पूर्ण आत घेतला होता, तर दुसऱ्या दिवशी पाहतो तो परत वीतभर बाहेर. बटणाला कुणी हात लावला नव्हता."

"ब्रेक सरकत असेल मोटरचा," मी म्हटलं. मोटरला ब्रेक नव्हता. मी नुकतीच ती पाहिली होती.

घरी आल्यावर रुचिरला सांगितलं तर तो म्हणाला, "तुझी टेप लांबली असेल." मी त्याच्यावर उगाचच भडकले. मी मोजमापाचा पगार घेणारी बाई. भिंत बाहेरून इथे आणि आतून तिथे, असं मला कुणी ऐकवू नये. रात्री झोप लागेना, उठून मी खोकी पुन्हा चिकटवत बसले.

पुढच्या शनिवारी मी पिन करून आणली. जुरोंग आयलंडवरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये एका मित्राने दुपारच्या सुट्टीत घासून दिली. पुन्हा हॅस्प, लाल, निळं, पिवळं. सोफ्यावर काही नव्हतं. मी आधी माप घेतलं नाही. घ्यायचं मनातही येऊ दिलं नाही, हे खरं.

खणाची बाहेरची भिंत कुठे पोकळ झालीय का हे बघायला मी बोटाच्या पेराने ठोकत चालले होते. जाई माझ्यामागे टॉर्च धरून उभी होती. खिडकीच्या खाली मी टकटक केलं, आणि आतून कुणीतरी ठोकलं.

आवाज जवळून आला नाही. शेजारच्या फ्लॅटमध्ये कुणी खिळा ठोकावा, तितक्या लांबून आला.

"जाई, गप्प बस बघू," मी म्हटलं.

"आई, आय ॲम हिअर," जाई माझ्या पाठीशी म्हणाली.

काका लांब, यार्डाच्या नळावर हात धूत होते. मी आत जाऊन पाहिलं. सोफा, कपाट, खिडकी. खिडकीतून जाई दिसत होती, टॉर्च खाली धरून. कपाट उघडलं, रिकामं. पत्रा उन्हाने तापला की वाजतो. मी हे मोठ्याने म्हटलं, बहुतेक स्वतःलाच.

दुपारी काका आणि मी खाली झोपून पट्ट्यांना वंगण लावत होतो आणि जाई खणात सोफ्यावर बसली होती. ती बोलत होती. मधे थांबत होती, मग पुन्हा बोलत होती. खेळतेय, म्हणून मी लक्ष दिलं नाही. एकदा हसली, तेव्हा मात्र ते हसू फार आतून आल्यासारखं वाटलं आणि मी वंगणाच्या हातांनी तशीच वर गेले. जाई सोफ्यावरच होती, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीला टेकून.

"कुणाशी गप्पा चालल्यात?"

"हर."

"कोण ती?"

"द इन्साइड वन." मग जरा विचार करून ती म्हणाली, "शी नेव्हर सी पुणे बिफोर. शी से शी कॅन गो. आय कॅन स्टे."

मी हसले. काय करणार? "तिला सांग, पुण्यात फार थंडी असते," मी म्हटलं आणि जाईला हात धरून खाली आणलं. तिचे तळवे घामाने चिकट झाले होते. ते बरं वाटलं मला. का बरं वाटलं हे तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात शनिवारी काम उरकलं नाही, म्हणून रविवारी पुन्हा गेलो. सोमवारी सकाळी ट्रेलर येणार होता. गाडी आधी तुआसच्या एका यार्डात जाणार, तिथे कागदपत्रं होईपर्यंत थांबणार, मग जोहोरला. म्हणजे रविवारी खण आत गेलाच पाहिजे. आभाळ काळं होऊन आलं होतं, हवा हलत नव्हती. नवं रबर चिकटवलं. पिन ठोकली. दोन्ही बाजू हाताने ढकलून एका रेषेत आणल्या, आणि यंत्र दुरुस्त झाल्यावर जी एक शांतता वाटते ती काही वाटेना. माझी घाई चालली होती. मला ते बंद करायचं होतं आणि तिथून निघायचं होतं.

काकांनी निळं कुलूप काढलं, मी लाल. पिवळं लटकत होतं.

"जाई!"

उत्तर नाही.

"जाई, बाहेर ये. आपलं कुलूप काढ."

ती गाडीच्या दारात आली. पायऱ्या एकेक करून, कठड्याला हात लावत उतरली. एरवी ती उड्या मारत उतरते.

"किल्ली कुठाय?"

"आत राहिली," ती म्हणाली.

गळ्यात हिरवी दोरी नव्हती. मी आत जाऊन सोफ्याच्या फटी, कपाट, गालिच्याखाली, सगळं पाहिलं. किल्ली नाही. वीज कडाडली. काका घड्याळाकडे बघायला लागले.

किल्ली हरवली तर कुलूप कापता येतं, असा नियम आहे. पण आधी ज्याचं कुलूप, तो माणूस आपल्या डोळ्यांनी समोर पाहायचा. फोनवर आवाज ऐकून चालत नाही, कुणी सांगितलं म्हणून चालत नाही. माणूस धडधाकट समोर उभा पाहिजे. मी नियमाप्रमाणे सगळं केलं. जाईला समोर उभं केलं आणि नखशिखांत पाहिलं. गुडघ्यावरची खपली, दोन वेण्या, पुढचा पडलेला दात. माझी मुलगी समोर उभी होती. मग मी काकांकडून कटर घेतला.

कटरला दोन्ही हात लागतात. मी दोन्ही हातांनी दाबलं आणि पिवळं कुलूप तुटून खाली पडलं. जाई लक्ष देऊन बघत होती.

मी स्विच चालू करून बटण दाबलं.

खण हलला. सरळ, दोन्ही बाजूंनी बरोबर. काकांनी टाळी वाजवली. अर्धा आत गेला, पाऊण गेला. शेवटचा हातभर राहिला तेव्हा मोटरचा आवाज जड झाला.

"थांबवतेस का?" काका म्हणाले. "काहीतरी अडतंय."

मी नाही थांबवलं. नवं रबर आहे, घट्ट जाणारच, असं म्हटलं आणि बोट बटणावरच ठेवलं.

मोटर कण्हत राहिली. मग एकदम मोकळी झाली. रबराचा फस्स आवाज आला आणि भिंत गाडीला लागली.

जाईने माझा हात धरला. इतक्या उकाड्यात तिचा हात कोरडा होता.

मी स्विच बंद करून, प्रवासात हलू नये म्हणून, हॅस्पला माझं लाल कुलूप घातलं आणि त्याची किल्ली काकांना दिली. तुटलेलं पिवळं पेटीत टाकलं. तेवढ्यात पाऊस आला. इथला पाऊस येतो तो ओतल्यासारखाच. आम्ही शेडखाली पळालो. यार्डभर पाणी उडत होतं, खडी काळी पडत होती. आणि गाडीच्या बाजूला, जिथे आतापर्यंत खण होता, तिथे जमिनीवर एक आयत कोरडा होता.

वर काही नव्हतं. मोकळं आभाळ. पाऊस त्या आयताच्या कडेपर्यंत पडत होता आणि आत पडत नव्हता. मी बघत होते तोवर एकही थेंब तिथे पडला नाही.

"काका," मी म्हटलं.

काका चष्मा पुसत होते. त्यांचा चष्मा पुसून होईपर्यंत जाईने माझा हात ओढला.

"चल ना आई," ती म्हणाली. "घरी जाऊया."

गाडीत बसल्यावर, एक्स्प्रेसवेवर, माझ्या लक्षात आलं की ती मराठीत बोलतेय.

रुचिरला आनंद झाला. आजीला तर काय करू नि काय नको असं झालं. "अगं बाई, किती गोड बोलतेय," असं म्हणत त्या फोनवर डोळे पुसायच्या. जाईने त्यांना पुण्याच्या घराविषयी विचारलं. किती खोल्या, तिची खोली कुठली, भिंती जाड आहेत का. पानात पडेल ते ती खायला लागली, कारलंसुद्धा. खालच्या मैदानात मैत्रिणी हाका मारायच्या, ही खिडकीपर्यंत जायची नाही. खिडकीसमोरून एलआरटी जाते, त्या बिनड्रायव्हरच्या गाडीला हात करणं हा तिचा रोजचा नेम होता. तो सुटला. बसायची ती भिंतीला पाठ टेकून, आणि हाताने मागची भिंत चाचपायची.

"पुण्याला जायचं ना?" मी एकदा मुद्दाम विचारलं.

"हो आई," ती म्हणाली. "मी कधी पाहिलंच नाहीये."

दर वर्षी आम्ही पुण्याला जातो. मागच्या दिवाळीतच जाऊन आलो होतो.

"दमली असेल," रुचिर म्हणाला. "तू पण दमली आहेस. मुलगी शहाण्यासारखी वागायला लागली, तर तुला त्यातही खोट दिसते." मला माझ्या मुलीची भीती वाटायला लागली होती. रात्री ती झोपली की मी दारात उभी राहून तिचा श्वास ऐकायचे, आणि तो ऐकू आला तरी समाधान व्हायचं नाही. आमच्या खोलीत येताना ती आता दार ठोकत नव्हती. कधी आली ते कळायचंच नाही. वळून पाहिलं की पलंगाशी उभी असायची.

विमान रविवारी होतं. शनिवारी दुपारी रुचिर बँकेत गेला होता आणि मी पेटीतली हत्यारं कुणाला काय द्यायचं ते बघत बसले होते, तेव्हा काकांचा फोन आला. ते तुआसला होते.

"अगं, तो खण परत बाहेर आलाय," काका म्हणाले. "चांगला हातभर. ट्रेलरवर गाडी घेता येत नाही. तुझं लाल कुलूप काढलं मी, पण ते पिवळं कशाला लावून ठेवलंस?"

माझ्या मांडीवर पेटी उघडी होती. त्यात पिवळं कुलूप होतं. दोन तुकड्यांत, जसं टाकलं होतं तसं.

"कुठलं पिवळं?"

"हॅस्पवर लटकतंय ते. जाईचं. त्याच्यामुळे स्विच चालू होत नाही." मागे ट्रेलरच्या इंजिनाची घरघर होती. "आणि तू आत पाना-बिना विसरलीस का? काहीतरी सुटलंय. टकटक वाजतंय मघापासून."

"कसं वाजतंय?"

"कसं म्हणजे? टकटक. दोनदा वाजतं, मग जरा थांबून एकदा."

मी पेटी मांडीवरून खाली ठेवली.

"काका, ऐका. त्या कुलपाला हात लावू नका. खण आत घेऊ नका. आत कुणीतरी आहे."

"आत कोण असणार? इंजिनात ऐकू येत नाहीये नीट. ड्रायव्हर खोळंबलाय, मी कटर आणलाय बरोबर, कापून टाकतो."

"कापू नका! मी किल्ली घेऊन येते. खण आधी बाहेर घ्यायचाय, बाहेर."

किल्ली हा शब्द तोंडून गेला आणि आठवलं, ती तर सापडलीच नव्हती. मी वळले. जाई मागेच उभी होती, दाराला टेकून. तिची एक मूठ मिटलेली होती. बोटांच्या फटीतून हिरव्या दोरीचं टोक लोंबत होतं.

"जाई, ती इकडे दे."

तिने मान हलवली. रागाने नाही, हट्टाने नाही. मग ती फ्लॅटच्या उघड्या दारातून बाहेर गेली. मी धावले. खोकं आडवं आलं, पडता पडता सावरले. लिफ्टजवळ भिंतीत कचरा टाकायचं झाकण आहे, सगळ्या मजल्यांचा कचरा त्यातूनच खाली जातो. ते झाकण वाजलं.

बारीक धातूचा आवाज मजल्यामागून मजला उतरत गेला. मग ऐकू येईनासा झाला.

जाई परत आली. हिरवी दोरी तिने नीट गुंडाळली होती. ती माझ्या एका हातात ठेवली आणि दुसऱ्या हातातला फोन अलगद काढून घेतला.

"चारुआजोबा," ती फोनमध्ये म्हणाली, "आई म्हणतेय, कापा. आत कोणी नाही."

मी "नको" ओरडले. फोन हिसकावून कानाला लावला.

"अरे वा," काका कौतुकाने म्हणत होते, "किती छान मराठी बोलायला लागली गं पोर."

मग त्यांनी फोन बाजूला ठेवला. कटरला दोन्ही हात लागतात.